शर्यतीच्या आठवड्यातली गोळी

२०१५ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या पहिल्याच फेरीत ब्रिटनची हेदर वॉटसन हरली. खेळताना तिला गरगरत होतं, अंगातलं बळ गेल्यासारखं वाटत होतं. पत्रकारांनी कारण विचारलं तेव्हा 'बायकांचं असतं ते' अशा अर्थाचं बोलून ती थांबली. त्या काळी एवढं बोलणंही बातमी ठरली. मग पॉला रॅडक्लिफ बोलली. मॅरेथॉनचा विश्वविक्रम तेव्हा तिच्या नावावर होता, त्यामुळे तिचं ऐकून घेणं भाग होतं. तिने सांगितलं की २०१३ च्या मॉस्कोतल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या वेळी ८०० मीटर धावणाऱ्या जेसिका जड या १८ वर्षांच्या मुलीला पाळी पुढे ढकलण्यासाठी ब्रिटिश संघाच्या डॉक्टरांनी नोरेथिस्टेरॉन दिलं, आणि तिची शर्यत वाईट गेली. रॅडक्लिफने स्वतःही ती गोळी घेऊन पाहिली होती. तिचा त्रास त्याने वाढलाच होता. आणि याच रॅडक्लिफने २००२ साली शिकागोमध्ये २ तास १७ मिनिटं १८ सेकंदांचा विश्वविक्रम केला तो पाळी चालू असताना, शेवटच्या टप्प्यात पोटात कळा येत असताना.

हार्मोनच्या गोळीने धावणाऱ्या बाईचा दम कमी होतो का, हा इथला मूळ प्रश्न. पण वरच्या गोष्टींवरून पाळीत बिनधास्त धावावं आणि गोळी टाळावी असा सरधोपट नियम कुणी काढू नये. दोन बायकांच्या दोन शर्यतींवरून शास्त्र बनत नाही. मला त्यातली वेगळी गोष्ट खटकते. जडच्या शरीराबद्दलचा निर्णय झाला तो स्पर्धेच्या तोंडावर, ती गोळी तिला मानवते की नाही हे सरावात एकदाही न पाहता.

ती गोळी आपल्याकडे परकी नाही. गौरी-गणपती, घरचं लग्न, सत्यनारायण, पंढरीची वारी, असं काही आलं की घरातली एखादी वहिनी किंवा मावशीच सांगते, 'गोळी घे, पुढे जाईल.' दिवसातून तीनदा पाच-पाच मिलिग्रॅम, तारखेच्या तीन दिवस आधीपासून. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. आता तिला नवं गिऱ्हाईक मिळालं आहे. पोलीस भरतीचं ग्राउंड जवळ आलं की तालुक्याच्या गावातल्या मेडिकलसमोर दोन मुली येतात. एक बाहेर गाडीपाशीच थांबते. दुसरी काउंटरवरची माणसं जाईपर्यंत उगाच बिस्किटांच्या पुड्यांकडे बघत राहते, मग हळू आवाजात म्हणते, 'दादा, ती डेट पुढं जायची गोळी.' दादा फक्त किती दिवसांची एवढंच विचारतो. कात्रीने पट्टी कापतो, कागदी पुडीत घालून देतो. कापलेल्या तुकड्यावर औषधाचं नाव अर्धंच येतं, कधी तेही येत नाही. आपण काय घेतोय हे त्या मुलीला ठाऊक नसतं. तीन दिवसांनी तिला ८०० मीटर धावायचं असतं. मैदानी चाचणीच्या ५० गुणांतले २० गुण त्या ८०० मीटरवर असतात, आणि त्या गुणांवर घरादाराची आशा.

माझं म्हणणं सरळ आहे. हार्मोनची गोळी घ्यायची का, कोणती, कधीपासून, हे धावणाऱ्या मुलीने स्वतः ठरवायचं; हंगामाच्या चार-पाच महिने आधी, आणि खेळाडूंचं शरीर कळणाऱ्या डॉक्टरशी बोलून. शर्यतीच्या आठवड्यात सरांनी, मॅनेजरने किंवा मेडिकलवाल्याने ते ठरवायचं नाही. तशी सोय उभी करणं हे क्रीडा खात्याचं आणि संघटनांचं काम आहे. आज ते काम कुणीच स्वतःचं मानत नाही.

आता मूळ प्रश्न. पाळी पुढे ढकलायची गोळी बाजूला ठेवू; रोज घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीने दम कमी होतो का?

रोजच्या गर्भनिरोधक गोळीत बहुधा दोन कृत्रिम हार्मोन असतात. एक इस्ट्रोजेनच्या जातीचं एथिनिल इस्ट्राडिओल, दुसरं प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं एखादं प्रोजेस्टिन. ती रोज पोटात गेली की मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोप थांबतो, अंडं पिकत नाही, आणि शरीर स्वतः बनवतं ती दोन्ही हार्मोन महिनाभर खालच्या पातळीवर राहतात. एरवी महिन्याच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन वाढतं, त्याने अंगाचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं, श्वास थोडा जलद होतो. इस्ट्रोजेनचा संबंध चरबी जाळण्याशी, अंगात पाणी धरून ठेवण्याशी आणि हाडांशी. लांब पल्ल्याच्या धावण्यात याच गोष्टी पणाला लागतात. म्हणजे शंका रास्त आहे.

२००३ मध्ये कॅनडातल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भरपूर सराव असलेल्या १४ बायका त्यात होत्या. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला काय मिळतंय हे त्यांना सांगितलं नव्हतं. पूर्ण ताकदीने पळताना शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरू शकतं त्या मापाला व्हीओटू मॅक्स म्हणतात. खऱ्या गोळीवाल्या गटात ते सरासरी ४.७ टक्क्यांनी उतरलं. दम म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याला हा आकडा ऐकून धस्स होईल. पण बायका अवघ्या १४ होत्या आणि गोळी एकाच प्रकारची. पुढे २०२० मध्ये ४२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यातून निघालं ते असं: गोळी घेणाऱ्यांची कामगिरी सरासरीने किंचित कमी असू शकते, पण तो फरक इतका बारीक आहे की गट म्हणून बघता नगण्य धरावा. त्या ४२ अभ्यासांत मिळून बायका होत्या ५९०, म्हणजे एका अभ्यासात सरासरी १४. आढावा घेणाऱ्यांनीच सांगून टाकलं आहे की बहुतेक अभ्यासांचा दर्जा मध्यम किंवा त्याहून खालचा आहे.

नगण्य हा शब्द सरासरीला शोभतो, शर्यतीला शोभेलच असं नाही. कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक मिळवलं तेव्हा तिची वेळ ३३ मिनिटांच्या आसपास होती. त्या वेळेत एक टक्का म्हणजे २० सेकंद, आणि त्या वेगाला २० सेकंद म्हणजे शंभर मीटर. ट्रॅकवर शंभर मीटर मागे राहणं म्हणजे पदकाच्या लढाईतून बाहेर पडणं. शिवाय सरासरी शून्याजवळ असली तरी तिच्यामागे एकीचा दम उतरलेला असतो, दुसरीचा वाढलेला असतो, तिसरीला काही जाणवलेलं नसतं. म्हणून एखादी मुलगी 'सर, गोळी सुरू केल्यापासून पाय जड झालेत' म्हणाली तर 'शास्त्र सांगतं फरक पडत नाही' हे उत्तर चुकीचं आहे. आणि मैत्रिणीचं ऐकून दुसरीने घाबरून चांगली चालणारी गोळी सोडावी, हेही तितकंच चुकीचं. तिचं उत्तर तिच्याच सरावाच्या वहीत सापडेल: तीन महिने आधीच्या वेळा, तीन महिने नंतरच्या वेळा, झोप, वजन, रक्तस्राव किती दिवस आणि किती. यासाठीच हंगामाआधीचा वेळ लागतो. आठवड्यात हे कळत नाही.

गोळीच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे तिची बदनामीच जास्त आहे. लग्नाआधी कसल्या गोळ्या, पुढे मूल होणार नाही, चेहऱ्यावर केस येतात, अशी वाक्यं प्रत्येक मुलीने ऐकलेली असतात. गोळी थांबवल्यावर गर्भ राहण्याची क्षमता परत येते. आणि जिला दर महिन्याला दोन दिवस उठवत नाही, उलट्या होतात, तिला गोळीने उभं राहता येत असेल तर तिच्यासाठी एखाद्या टक्क्याचा हिशेब फजूल आहे. तिचे महिन्यातले चार सराव वाचतात.

त्याहून मोठी गोष्ट रक्ताची. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारं 'माला-एन'चं पाकीट हातात घेऊन बघा. त्यात २८ गोळ्या असतात. २१ हार्मोनच्या, आणि उरलेल्या सात गडद रंगाच्या गोळ्या लोहाच्या. रोजची सवय मोडू नये आणि त्या दिवसांत लोह पोटात जावं, एवढा साधा विचार ज्या कुणी केला त्याला या देशातल्या बायका कळलेल्या होत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांत रक्तक्षय आढळला. ऑक्सिजन स्नायूंपर्यंत नेतं ते हिमोग्लोबिन, आणि हिमोग्लोबिन लोहाशिवाय बनत नाही. लंडन मॅरेथॉन धावणाऱ्या बायकांच्या पाहणीत एक तृतीयांशाहून अधिक जणींना अतिरक्तस्रावाचा त्रास असल्याचं दिसलं होतं. खाऊनपिऊन सुखी घरातल्या बायकांची ही गत असेल, तर नाचणीची भाकरी आणि पातळ वरणावर १५ किलोमीटर पळणाऱ्या आपल्या मुलींचं काय? अशा मुलीचा रक्तस्राव गोळीने निम्म्यावर आला आणि हिमोग्लोबिन चढलं, तर तिचा दम वाढेल. म्हणून गोळीचा परिणाम काय या प्रश्नाला, ती गोळी घेण्याआधी त्या मुलीच्या रक्तात काय होतं हे बघितल्याशिवाय उत्तर नाही. एका साध्या रक्त तपासणीचा हा प्रश्न आहे. ती तपासणी निवड चाचणीआधी किती मुलींची होते, हे प्रत्येक प्रशिक्षकाने स्वतःला विचारावं.

बाकीच्या साधनांबद्दल थोडक्यात. तांबीत हार्मोन नसतं, पण तिने रक्तस्राव वाढू शकतो, म्हणजे रक्त कमी असलेल्या धावपटूला ती सहसा सोयीची नाही. हार्मोन सोडणारी तांबीसारखीच वस्तू गर्भाशयात बसवतात, तिने रक्तस्राव घटतो; ती महाग पडते. सरकारी 'अंतरा' इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं असतं, सोयीचं वाटतं, पण त्या औषधाने चालू काळात हाडांची घनता कमी होते. पायाच्या नळीला आधीच चीर गेलेल्या मुलीला ते देताना डॉक्टरने दहादा विचार करावा.

हाडांवरून मी या विषयातल्या सगळ्यात गंभीर भागाकडे येते.

सराव वाढला, खाणं तेवढंच राहिलं, की शरीर खर्चाला कात्री लावतं आणि पहिली कात्री पाळीवर चालवतं. ४५ किलोच्या एका मुलीचा हिशेब मांडून बघू. चरबी वगळून तिचं वजन ३८ किलो धरू. रोज १५ किलोमीटर पळण्यात तिचे साधारण ६७५ किलोकॅलरी जातात. पळण्याचा खर्च वजा करून शरीराच्या बाकी कामांसाठी या ३८ किलोंमागे किलोला ३० किलोकॅलरीपेक्षा कमी उरलं, तर मेंदूतून अंडाशयाला जाणारे निरोप विस्कटू लागतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे नुसतं तळ गाठायला तिला १,८१५ किलोकॅलरी हव्यात. निवांत राहायचं तर किलोला ४५ च्या हिशेबाने २,३८५. वसतिगृहाच्या मेसमध्ये संध्याकाळी उशिरा पोहोचणाऱ्या, वजन वाढलं म्हणून सर ओरडतात अशी धास्ती घेतलेल्या मुलीच्या ताटात एवढं असतं का? पाळी चुकते. एकदा, दोनदा, मग सहा महिने येतच नाही. मुलीला बरंच वाटतं, कटकट गेली. प्रशिक्षकाला वाटतं, सराव अंगी लागतोय. आतून इस्ट्रोजेन आटलेलं असतं आणि हाडं विरळ होत असतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं आहे. त्यात हाडांबरोबर हृदय, प्रतिकारशक्ती, मन, सगळंच होरपळतं.

इथे गोळी घातक होते, आणि ती दमामुळे नाही. पाळी बंद म्हणून आई काळजीने डॉक्टरकडे नेते. पाळी चुकते म्हटलं की आजकाल पहिला शब्द येतो तो 'पीसीओडी', म्हणजे हार्मोनच्या बिघाडाचा अंडाशयाचा विकार. उपाशी शरीरामुळे गेलेली पाळी आणि पीसीओडीमुळे लांबलेली पाळी वरवर सारखी दिसते. किती पळतेस, काय खातेस, वजन किती उतरलं, हे तीन प्रश्न विचारले तर फरक कळू शकतो. पण गर्दीच्या ओपीडीत ते विचारले जात नाहीत. गोळ्या लिहून दिल्या जातात. २१ दिवस गोळी, मग सात दिवस बंद, की रक्तस्राव होतो. आईला हायसं वाटतं, मुलगी बरी झाली. तो रक्तस्राव गोळी थांबल्यामुळे झालेला असतो. अंडाशय अजून गप्पच असतं, खाणं अजून अपुरंच असतं आणि हाड अजून झिजतच असतं. शरीराने दिलेली धोक्याची एकमेव उघड खूण तेवढी पुसली जाते. म्हणूनच जाणकार डॉक्टर अशा खेळाडूची पाळी 'परत आणण्यासाठी' तोंडाने घ्यायची गर्भनिरोधक गोळी वापरू नका असं सांगतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका वर्षभराच्या चाचणीत, पाळी अनियमित किंवा बंद झालेल्या खेळाडूंच्या हाडांना इस्ट्रोजेनच्या त्वचेवर लावायच्या पट्टीने फायदा झाला, गोळीने तसा झाला नाही. पहिलं औषध अर्थात जेवण.

मॉस्कोच्या त्याच २०१३ च्या स्पर्धेत अमेरिकेची मेरी केन १७ व्या वर्षी १५०० मीटरची अंतिम फेरी धावली होती. २०१९ मध्ये तिने जगाला सांगितलं की वजन उतरवण्याच्या दडपणाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद होती, पाच हाडं मोडली, आणि वजन कमी व्हावं म्हणून प्रशिक्षकाला तिला गर्भनिरोधक गोळ्या आणि लघवी वाढवणारी औषधं द्यायची होती. जगातल्या उत्तम सोयींच्या केंद्रातली ही हकिकत. पैसा असला म्हणजे शहाणपण येतंच असं नाही, हे आपल्या संघटनांनी ध्यानात घ्यावं. पैसे आल्यावर करू, हे उत्तर इथे चालणार नाही.

गोळीचा निर्णय दुसऱ्याच्या हाती गेला की काय होतं याचं टोक दक्षिण आफ्रिकेची धावपटू कॅस्टर सेमेन्या हिच्या बाबतीत दिसलं. तिचं नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन नियमात बसवण्यासाठी तिने काही वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या, धावता यावं म्हणून. त्यांचा त्रास झाल्याचं तिने सांगितलं आहे. तिचा प्रश्न वेगळा आणि गुंतागुंतीचा आहे, त्यात मी इथे शिरत नाही. पण निरोगी बाईने स्पर्धेची अट म्हणून औषध घ्यायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. आणि अटी कागदावरच असतात असं नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या बायकांनी खाडा पडू नये म्हणून गर्भाशय काढून टाकल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आपण वाचल्या. कोणत्याच मुकादमाने ते लेखी मागितलं नसेल. मागावं लागलं नाही, इतकी ती अट सगळ्यांना पाठ होती.

कुणी म्हणेल, ब्रिटनच्या अव्वल खेळाडूंत निम्म्या जणी हार्मोनची साधनं वापरतात, मग आपल्याकडे सरसकट सगळ्यांना गोळ्या देऊन तारखांची कटकट का मिटवू नये? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४३० खेळाडूंच्या पाहणीत ते प्रमाण ४९.५ टक्के होतं, हे खरं. पण तिथे खेळाडूला नाही म्हणता येतं. गोळी बदलता येते, घेऊन सोडता येते, आणि गर्भनिरोधन हेही तिचं उघड कारण असू शकतं. आपल्या निवासी क्रीडा प्रबोधिनीतल्या सोळा वर्षांच्या मुलीला सरांना 'नाही' म्हणता येतं का? तिच्यासाठी सर म्हणजे निवड, शिफारस, पुढची नोकरी, आणि अनेकदा गावाबाहेर पडायचं एकमेव दार. सरसकट गोळीचा आदेश तिथे वैद्यकीय सल्ला राहत नाही. शिवाय सगळ्या गोळीवर असल्या की कुणाची पाळी उपाशीपणामुळे गेली आहे हे कधीच कळणार नाही.

नोरेथिस्टेरॉनची आणखी एक गोष्ट फार थोड्या मुलींना माहीत असते. ते बंदी असलेल्या औषधांत नाही. पण शरीरात त्याचं जे रूपांतर होतं त्यात नॅन्ड्रोलोन या बंदी असलेल्या स्टिरॉइडची खूण मानला जाणारा पदार्थ लघवीत थोड्या प्रमाणात येऊ शकतो. प्रयोगशाळांना हे ठाऊक असतं, फरक ओळखायची पद्धतही आहे. तरी उत्तेजक चाचणीच्या फॉर्मवर गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं लिहायची असतात, आणि तिथे नाव लिहिलेलं असलं की पुढचा मनस्ताप टळतो. कात्रीने कापलेल्या पट्टीचं नाव काय लिहिणार?

हे सगळं बोलायचं कुणाशी, हा अडथळा उरतोच. आपल्या मैदानांवर शिकवणारे बहुतेक पुरुष आहेत. त्यातले कितीतरी मुलींसाठी जीव टाकतात, स्वतःच्या पगारातून बूट घेऊन देतात. पण मुलगी 'सर, पोटात दुखतंय' यापुढे बोलत नाही आणि सर 'बरं, आज हलकं कर' यापुढे विचारत नाहीत. दोघंही एकमेकांचा मान राखत असतात आणि त्यात मुलीचं नुकसान होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला मीराबाई चानूचं कांस्य एका किलोने हुकलं, तेव्हा कॅमेऱ्यासमोर तिने पाळीचा तिसरा दिवस असल्याचं सांगितलं. वेटलिफ्टिंग वेगळा खेळ, पण तिने सगळ्यांसाठी दार किलकिलं केलं. माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबरने रिओच्या ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठल्यापासून साताऱ्यात, नाशकात, कोल्हापुरात पहाटे रस्त्याने पळणाऱ्या मुली वाढल्या आहेत. त्यांच्याबरोबर हे बोलणं वाढलेलं नाही.

करायच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. पुण्याच्या बालेवाडीपासून जिल्ह्याच्या क्रीडा संकुलापर्यंत प्रत्येक निवासी केंद्राशी एक स्त्रीरोगतज्ज्ञ बाई जोडलेली असावी आणि महिन्यातला एक दिवस तिने मुलींना सरांशिवाय भेटावं. वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासावं. तीन महिने पाळी आली नाही तर मुलीच्या गोळ्यांआधी तिच्या ताटाची चौकशी व्हावी, असा लेखी नियम हवा. पाळी लांबवण्याचं औषध कोणत्याही प्रशिक्षकाने, मॅनेजरने द्यायचं नाही, सुचवायचंही नाही. दिल्यास ती शिस्तभंगाची बाब धरावी. ज्या मुलीला खरोखर मोठ्या स्पर्धेची तारीख सांभाळायची आहे तिला डॉक्टरकडून ते आधीच्या लहान स्पर्धेत करून बघता यावं.

आणि पोलीस भरतीत प्रत्येक महिला उमेदवाराला, कारण न विचारता, एक पर्यायी तारीख मिळावी. मैदानी चाचण्या कितीतरी दिवस चालतात, त्यामुळे हे अशक्य नाही. २०२४ च्या जूनमध्ये ऐन पावसाळ्यात भरती घेतली तेव्हा पावसामुळे ज्यांची चाचणी होऊ शकली नाही त्यांना पुढची तारीख देण्याची भूमिका सरकारने घेतली होती. मैदान ओलं होतं म्हणून तारीख बदलता येत असेल, तर मुलीची तारीख बदलायला अडचण कसली? ती सोय असती तर मेडिकलसमोरची ती मुलगी बहुधा तिथे आलीच नसती.

एका बाबतीत मात्र सावध राहावं लागेल. पाळीची नोंद ठेवा म्हटलं की लगेच कुणीतरी अॅप आणतं, तक्ते बनतात, ते व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरतात. ही नोंद मुलीच्या वहीत, मुलीजवळ राहावी. डॉक्टरला दाखवायची की नाही हे तिने ठरवावं, आणि निवड समितीच्या टेबलावर ती कधीच जाऊ नये. पाळी चुकल्याचं कळलं की आपल्याला संघातून वगळतील असं मुलींना एकदा वाटलं, तर त्या खोट्या तारखा लिहितील, आणि मग त्या वहीवरून डॉक्टरलाही काही कळणार नाही.